पाहुण्यांनी जोडे दारातच काढावेत का?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये घरी येणाऱ्या माणसांच्या पादत्राणांविषयीची पत्रे अलीकडे इतकी वाढली आहेत, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही नुकतीच घराची फरशी बदलून घेतली. घरात आम्ही कोणीच बाहेरच्या चपला-बूट वापरत नाही. परंतु पाहुण्यांना तसे सांगण्याचा मला फार संकोच वाटतो. गेल्या महिन्यात माझ्या पतींचे एक सहकारी सहकुटुंब आले, बूट घालूनच बैठकीच्या खोलीत बसले, आणि ते निरोप घेऊन जिन्यापर्यंत पोहोचले असतील नसतील तोच मी फडके घेऊन फरशी पुसायला बसले. त्यांच्या पत्नी विसरलेली पिशवी घ्यायला परत आल्या आणि त्यांनी ते पाहिले. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. पाहुण्यांना पादत्राणे काढायला सांगणे हा त्यांचा अपमान ठरतो का?

उत्तर : ठरत नाही. जे हात रोज घरातली फरशी पुसतात, त्या हातांनाच त्या फरशीवर काय यावे आणि काय येऊ नये हे ठरवण्याचा पहिला अधिकार आहे, आणि तो बजावल्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. तुमच्या पाहुणीला त्या दिवशी काही लागले असेल, तर ते तुमच्या नियमामुळे लागलेले नाही. घरात एक नियम होता, तो आपल्याला कोणी सांगितला नाही आणि आपली पाठ वळताच आपली पावले पुसली गेली, हे पाहून लागले असेल. त्यांना दुखवू नये म्हणून तुम्ही जो संकोच बाळगलात, त्या संकोचानेच त्यांना दुखावले.

ही चूक मीही केलेली आहे, म्हणून ती इतक्या ठामपणे सांगू शकते. काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले होते. दारात त्यांनी आपल्या बुटांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी तोंडाने "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. नजर मात्र माझी बुटांवरच होती, आणि त्यांनी शब्दांऐवजी ती नजर ऐकली. एक हात चौकटीला टेकून, एका पायावर तोल सावरत ते नाडीची गाठ सोडवू लागले. गाठ पावसाने भिजून आवळली होती, ती सुटेना, आणि घरातली आम्ही तीन माणसे त्यांच्यासमोर उभी राहून ते पाहत होतो. खुर्ची चार पावलांवर होती. ती पुढे ओढावी, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. दाराजवळ आज जी पाठ असलेली खुर्ची कायमची ठेवलेली आहे, ती त्या दिवसानंतर आली.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की नियम घरच्यांचा असेल, तर त्याची तोशीसही घरच्यांनीच सोसावी. पाहुण्याला आमंत्रण देतानाच, निदान दार उघडताच, त्याचे पहिले पाऊल आत पडण्यापूर्वी, "आमच्याकडे आम्ही सगळेच जोडे इथे काढतो, ही खुर्ची घ्या" एवढे एक वाक्य मोकळेपणाने बोलावे. त्यातला "आम्ही सगळेच" हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यामुळे ती सूचना त्या माणसाच्या बुटांवरची टीका न राहता घराची रीत होते. जोडे ठेवायला मोकळी जागा, बसायला खुर्ची, हातातली पिशवी टेकवायला काहीतरी, पुरेसा उजेड आणि कोरडी फरशी, एवढे तरी दाराशी असलेच पाहिजे. ओल्या फरशीवर माणसाला मोजे घालून उभे करणे हे कोणत्याही नियमात बसत नाही. पाय गार पडण्यासारखे दिवस असतील, तर धुतलेल्या सपाता काढून ठेवाव्यात.

आणि एवढे करूनही एखादा पाहुणा बोलण्याच्या भरात बूट घालूनच आत येऊन बसला, तर त्या दिवशी विषय सोडून द्यावा. बसलेल्या माणसाला उठवून दाराशी पाठवण्याइतकी कोणतीही फरशी मोलाची नसते. राहिली तुमची पाहुणी. त्यांना दूरध्वनी करा आणि जे झाले ते जसेच्या तसे सांगा: घरात बाहेरचे जोडे वापरत नाही, तुम्हाला सांगायला मला अवघड वाटले, ती चूक माझी होती, पुन्हा अवश्य या. आडवळणाने बोललात तर चुटपुट दोन्हीकडे राहील.

प्रश्न : घरात रांगते मूल असल्यामुळे बाहेरचे जोडे आत येऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. पती म्हणतात की जंतू सगळीकडेच असतात आणि हा सगळा मनाचा खेळ आहे. कोणाचे बरोबर?

उत्तर : आग्रह तुमचा बरोबर आहे, मात्र जंतूंविषयी तुमचे पती अगदीच चुकीचे बोलत नाहीत. या वादात नेहमी पुढे केला जाणारा आकडा अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांच्या पाहणीतला आहे. त्यांना वापरातल्या जोड्यांच्या बाहेरच्या भागावर सरासरी ४ लाख २१ हजार जिवाणू आढळले होते. आकडा ऐकून दचकायला होते. परंतु ती पाहणी लहान होती, तिच्यामागे एका पादत्राण कंपनीचे अर्थसाहाय्य होते, आणि मुख्य म्हणजे जिवाणूंची संख्या म्हणजे आजाराची शक्यता नव्हे. त्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असतात आणि निरोगी माणसाच्या त्वचेवरही जिवाणूंची वस्ती असतेच.

खरी काळजी आहे ती धुळीतून येणाऱ्या शिशाची. वाहनांच्या पेट्रोलमध्ये अनेक दशके शिसे मिसळले जात असे. ते मिसळणे थांबवणारा शेवटचा देश अल्जीरिया होता आणि तेही २०२१ साली. जुन्या रंगांमध्येही शिसे असे, आणि त्या रंगाचे पोपडे भिंतीच्या पायथ्याशी मातीत मिसळत राहतात. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, विरघळून नाहीसे होत नाही. रस्त्याकडेच्या मातीत पडले की तिथेच राहते आणि जोड्याच्या तळाला चिकटून घरात येते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला बसतो. मोठा माणूस फरशीवरून चालतो. रांगते मूल त्याच फरशीवर तळहात टेकवते आणि तोच हात तोंडात घालते. कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतून मातीत मिसळणारी जंतांची अंडीही महिनोन्महिने टिकून राहतात आणि याच वाटेने पोटात जाऊ शकतात. म्हणून मूल रांगते आहे तोवर तरी तुमचा नियम अगदी काटेकोरपणे पाळावा, असेच मी म्हणेन.

परंतु जोडे काढण्याची जागा चुकली, तर सगळी मेहनत वाया जाते. थोडे बारकाईने पाहा: माणूस दाराच्या आत येतो, दोन पावले टाकतो, जोडे काढतो आणि जिथे जोड्यांचे तळ टेकले होते नेमक्या त्याच जागी मोज्याचे पाऊल ठेवून पुढे चालू लागतो. म्हणजे धूळ जोड्यांवरून मोज्यांवर आली, एवढाच काय तो फरक. दाराशी एक रेघ मनाशी आखून घ्यावी. रेघेच्या बाहेर जोडे, आत पाय, आणि जोड्यातून निघालेले पाऊल थेट आतल्या बाजूलाच पडावे. पायपुसणे दोन्ही पावले एका वेळी मावतील इतके लांब असावे आणि ते वरचेवर झटकावे. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, कारण कोरड्या झाडूने बारीक धूळ उडते आणि पुन्हा तिथेच बसते. मुलाचे हात धुणे हे या सगळ्याच्या जोडीला हवेच.

प्रश्न : आमच्याकडे लाकडी फरशी आहे. बाकी कोणाचे जोडे चालतात, पण उंच टाचेच्या चपला नकोत, असा नियम करणे पक्षपाताचे होईल का?

उत्तर : होणार नाही, कारण त्यामागे साधे गणित आहे. ६० किलो वजनाची स्त्री सपाट चप्पल घालून एका पायावर भार देते, तेव्हा ते वजन साधारण १२० चौरस सेंटिमीटरांवर विभागले जाते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. तेच वजन १ चौरस सेंटिमीटरच्या टोकदार टाचेवर आले, तर तिथे ६० किलोंचा दाब पडतो. मोटारीच्या चाकाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलोंच्या आसपास असतो. लाकडावर खळगे का पडतात, हे यावरून लक्षात येईल.

तरीही बाकीच्यांचे जोडे चालतात, हे म्हणणे पुन्हा तपासून पाहा. ओरखडे जोड्यांमुळे पडत नाहीत, तळाला चिकटलेल्या वाळूमुळे पडतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या काठिण्याच्या मापनश्रेणीत (क्रमांक जितका मोठा, तितका पदार्थ कठीण) वाळूतील गारेचा क्रमांक ७ आहे, तर संगमरवराचा साधारण ३. लाकडावरचा पॉलिशचा थर तर फारच मऊ असतो. तेव्हा नियम करायचाच असेल, तर तो सर्वांना सारखा केलेला अधिक न्याय्य होईल.

प्रश्न : मी पाहुणा म्हणून जातो तेव्हा माझी पंचाईत होते. जोडे काढू लागलो की घरचे "असू द्या हो" म्हणतात. मग काढावेत की नाही?

उत्तर : एकदा स्पष्ट विचारावे, "जोडे इथेच काढू ना?" उत्तरादाखल "असू द्या" आले, तर घरच्यांच्या पायांकडे पाहावे. ते अनवाणी किंवा घरातल्या सपातांमध्ये असतील आणि त्यांचे स्वतःचे जोडे दाराशी ओळीने लावलेले असतील, तर तो "असू द्या" निव्वळ शिष्टाचाराचा आहे असे समजून जोडे खुशाल काढावेत. त्यांच्याच पायांत बूट असतील, तर तुम्हीही घालून राहावे. काढायची वेळ येणार असे वाटत असेल तेव्हा घराबाहेर पडतानाच सहज निघणारे जोडे आणि न फाटलेले मोजे घालावेत. ही तयारी पाहुण्याची आहे, ती घरच्यांवर टाकू नये. काढलेले जोडे एकमेकांशेजारी, दाराच्या उघडझापीत येणार नाहीत असे भिंतीकडेला ठेवावेत. जिना सामाईक असेल, तर तिथे जोड्यांचा ढीग कधीही होऊ देऊ नये. आगीसारख्या प्रसंगी माणसे त्याच वाटेने अंधारात धावत उतरणार असतात.

प्रश्न : माझ्या पायांना घाम येतो आणि मोज्यांना दुर्गंधी येते. जोडे काढावे लागतील या भीतीने मी लोकांकडे जाणे टाळते. हे कोणाला सांगण्याचीही लाज वाटते.

उत्तर : लाज वाटून घेऊ नका, हा अस्वच्छपणा नव्हे, हा शरीराचा व्यवहार आहे. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. घामाला स्वतःला वास नसतो. बंद बुटाच्या ओलाव्यात त्वचेवरचे जिवाणू घामातील घटकांचे विघटन करतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते. तो वास त्याचा. म्हणून इलाज अत्तराचा नाही, कोरडेपणाचा आहे. एकच जोडा रोज न वापरता दोन आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण एक दिवस वाळायला मिळतो. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि पिशवीत मोज्यांचा एक धुतलेला जोड ठेवून पाहुण्यांच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वी तो बदलावा. खूप दिवस फरक पडला नाही किंवा त्वचा सोलवटू लागली, तर बुरशीचा संसर्ग आहे का हे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तसा संसर्ग असेल, तर उपचार पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याच्या सपाता घालू नयेत. मोजे घालून वावरावे. पाहुण्यांसाठी सपाता ठेवणाऱ्यांनीही त्या प्रत्येक वापरानंतर धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात.

प्रश्न : माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला असून ते कृत्रिम पाय वापरतात. एका नातलगांच्या घरी त्यांना बूट काढण्याचा आग्रह झाला. "दोनच मिनिटांचे तर काम आहे," असे ते म्हणाले. वडिलांनी बूट काढले, दोन पावलांवर तोल गेला आणि मी धरले म्हणून ते वाचले. आता ते कोणाकडे जायलाच तयार नाहीत. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. तुमच्या वडिलांनी बूट काढू नयेत, आणि ते काढत नाहीत याबद्दल त्यांना कोणासमोरही ओशाळे वाटण्याचे कारण नाही.

ज्यांना कल्पना नसते, त्यांच्यासाठी हे सविस्तर सांगते. कृत्रिम पाय माणसाला बसवताना तो ज्या बुटात घालायचा, त्या बुटाच्या टाचेच्या उंचीचा हिशेब करून त्याची मांडणी केलेली असते. आपल्या घोट्याला उंची बदलली की आपोआप जुळवून घेता येते. बहुतेक कृत्रिम पावलांना ते येत नाही. बूट काढला की टाच खाली जाते, सगळा पाय मागच्या बाजूला कलतो आणि सपाट फरशीवरही चढणीवर चालल्यासारखे वाटते. तुमच्या वडिलांचा तोल गेला तो अशक्तपणामुळे गेला असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या पायाचे मापच त्या क्षणी बिघडले होते. दुसऱ्या पायाची गोष्ट वेगळी, पण तितकीच गंभीर. दीर्घ मधुमेहात पावलांच्या नसांची संवेदना कमी होऊ शकते. ती तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात, आणि तो स्पर्शसुद्धा न कळणारी माणसे असतात. अशा माणसाला फरशीवरची टाचणी रुतलेली कळत नाही, जखम झालेली कळत नाही, आणि ती चिघळल्यावर लक्षात येते. म्हणून संवेदना कमी झालेल्या मधुमेही रुग्णांनी घरातसुद्धा अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालू नये, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतला सल्ला आहे. वडिलांच्या उरलेल्या पायाचे रक्षण हे कोणाच्याही फरशीपेक्षा मोठे आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला, केवळ घरात वापरण्यासाठी, आताच्या बुटांइतक्याच उंचीच्या टाचेचे, घसरणार नाहीत अशा तळाचे दुसरे बूट घ्यावेत. ते निवडताना कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांना आणि डॉक्टरांना दाखवून घ्यावेत, आणि कोणाकडे जाताना पिशवीत ठेवावेत. दाराशी खुर्चीवर बसून, घाई न करता बदलता आले तर उत्तमच. दुसरा, तेही जमत नसेल तर ओल्या फडक्याने बुटांचे तळ नीट पुसून, कोरडे करून आत जावे. बुटांवर चढवायची प्लॅस्टिकची आवरणे मात्र नकोत. गुळगुळीत फरशीवर ती घसरतात.

आणि हे सगळे तुम्ही आदल्या दिवशी दूरध्वनीवर सांगा, म्हणजे वडिलांना दारात उभे राहून आपल्या शरीराचा खुलासा करावा लागणार नाही. "बाबांना बूट काढता येत नाहीत, तळ पुसून घेऊ," एवढे पुरे.

ज्यांच्या घरी जोडे काढण्याचा नियम आहे, त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. "मला बूट काढता येणार नाहीत" असे कोणी म्हणाले, तर "का?" हा प्रश्न विचारू नका. त्या माणसाच्या पायात पट्टी असेल, संधिवाताने वाकता येत नसेल, गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील, किंवा वयामुळे मोज्यांवर चालण्याची भीती वाटत असेल. वृद्ध माणसे अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरताना अधिक पडतात, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. फरशी नंतर पुसता येते.

प्रश्न : दुरुस्तीसाठी येणाऱ्या कारागिरांनाही जोडे काढायला सांगावे का?

उत्तर : नाही. जड वस्तू उचलणारा, शिडीवर चढणारा किंवा विजेचे काम करणारा माणूस जे बूट घालतो, ती त्याची संरक्षक साधने आहेत. आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे सुमारे २० किलोंची वस्तू एक मीटरवरून बोटांवर पडली तरी बोटे शाबूत राहिली पाहिजेत. नियमाखातर त्याची बोटे उघडी पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो येण्यापूर्वी दारापासून कामाच्या जागेपर्यंत जाड जुनी चादर किंवा सतरंजी, सुरकुत्या न ठेवता, अंथरून ठेवावी; शिडी ज्या जागी उभी राहणार तिथे मात्र काहीच अंथरू नये. काम झाल्यावर ती चादर त्याच्यादेखत गोळा केली तरी त्याला काही वाटणार नाही, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोरच अंथरलेली असते.